तोंड पुढे, आवाज मागे

मंचरच्या दुकानात कामाला लागलो तेव्हा माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदवी होती आणि ती कुठे वापरायची हे कोणी सांगितलेलं नव्हतं. शिनोलीच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. जुन्नरला तीन वर्षं वसतिगृहात राहून शिकलो. वडील कंडक्टरच्या ओळखीवर एसटीने तांदूळ पाठवायचे, आणि पिशवी उतरवून घ्यायला मी स्टँडवर वेळेच्या आधी तासभर उभा असायचो. पुढे बी.एड.ला नंबर लागला नाही. तेव्हा या दुकानाच्या शेठनी "कम्प्युटर येतो ना? ये मग" एवढं बोलून मला ठेवून घेतलं. त्यांचे उपकार मी आजही मानतो. ते मला शास्त्रज्ञ म्हणायचे, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा, आणि मला ते अर्धं आवडायचं, अर्धं टोचायचं.

दुकान लग्नाच्या शूटिंगचं. आधी कॅसेटवरची लग्नं डीव्हीडीत घालून दिली. मग दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला मोठ्या आवाजाचे चायना मोबाईल गावोगाव आले, आणि लोक त्याच डीव्हीडी घेऊन परत येऊ लागले. आता हे मोबाईलात टाकून द्या. ते काम माझ्याकडे आलं.

चित्र आणि आवाज जुळतात का, हे तपासायची आमच्या दुकानाची एक रीत होती. मंगलाष्टकांवर जायचं. "सावधान" ऐकू आलं की अक्षता उडताना दिसल्या पाहिजेत. दिसल्या की काम झालं. आमच्याकडच्या मांडवात अक्षता कशा पडतात ते ज्याने पाहिलंय, त्याला ही रीत किती कच्ची आहे ते कळेल. पुढचे लोक भटजींचं ऐकून टाकतात, मागचे कर्ण्यातून ऐकून टाकतात, आणि पंगतीच्या तोंडाशी उभे असलेले कोणाचंच न ऐकता टाकून मोकळे होतात. त्या गोंधळात आवाज अर्धा-एक सेकंद मागेपुढे झाला तर कोणाला पत्ताही लागायचा नाही. वरातीवर तर शेठ सरळ गाणंच चढवायचे. माणसांची तोंडं हलायची आणि ऐकू यायचा बेंजो. पाठवणीच्या वेळी मुलीची आई काय बोलली, ते कुठल्याच डीव्हीडीत कधी ऐकू आलं नाही. हे काम मी मन लावून करत होतो आणि एकाही माणसाच्या तोंडाकडे पाहत नव्हतो.

दिवाळीच्या आधी, दुकानात गर्दी असताना, लोणीकडची एक बाई आली. बरोबर पाचेक वर्षांची मुलगी. मुलीच्या फ्रॉकला छातीवर एक छोटी डबी पिनेने लावलेली होती आणि तिच्यातून निघालेली वायर कानात गेली होती. बाईने पदराच्या गाठीतून डीव्हीडी काढली, ती पदरानेच गोल गोल पुसली आणि माझ्या हातात दिली.

"भाऊ, ही मोबाईलात घालून मिळंल का?"

"लग्नाची ना?"

"न्हाय वं. हिच्या शाळंची हाय."

मग तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुलीला जन्मापासून फार थोडं ऐकू येत होतं. पुण्यात अशा मुलांना बोलायला शिकवणारं एक केंद्र होतं, तिथे महिन्यातून एकदा ती मुलीला घेऊन जायची. तिथल्या बाईंनी मुलीसाठी ही डीव्हीडी करून दिली होती. बाई समोर बसून एकेक शब्द सावकाश बोलतात, मग ती वस्तू दाखवतात, पुन्हा बोलतात. रोज दोन वेळा दाखवायची. मुलगी आता कुठे शब्द उचलायला लागली होती.

"भाऊबीज झाली की आमी मेंढरं घिऊन निघतो. मालशेज उतरून खाली कोकणात. मग पार मिरगापतोर माघारी न्हाई. बाई म्हनल्या, मधी खाडा पडला तर शिकलेलं सारं जाईल. आता टीव्ही आन ते मशीन घोड्यावर बांधून फिरवू का मी?"

दुकानातली दोन-तीन माणसं हसली. तीही हसली. मुलगी मात्र हसणाऱ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहत होती, नेमकं काय झालं ते शोधल्यासारखी.

काम साधं होतं. त्याच दुपारी वीज आल्यावर मी डीव्हीडी लावली, फाईल तयार केली आणि सुरुवात चालवून पाहिली. आधी एक धून, मग त्या बाई हात जोडून "नमस्कार" म्हणतात. जुळत होतं. अक्षता दिसल्यावर पुढे न बघायची सवय इथेही आड आली. दुसऱ्या दिवशी मेमरी कार्ड तिच्या हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. या वेळी हसत नव्हती.

"भाऊ, पोरगी बघंना. पहिलं जरा बघती, मग ढकलून देती. काल तर फोन फेकला."

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "पोरांचं असंच असतं, वहिनी. नवं हाय. दोन दिवसांनी बघंल."

"न्हाय शेठ. टीव्हीवर दाखवलं की बघती. ह्यात बघत न्हाई." तिने मुलीकडे पाहिलं. "तिला आवाज कमीच. ती तोंड बघून ऐकती. ह्यात काय तरी वंगाळ हाय. मला कळंना, पर तिला कळतंय."

मी फाईल लावली आणि पहिल्यांदा पुढे नेली. मधल्या एका शब्दावर थांबलो. बाईंचे ओठ मिटले, उघडले, मग परत मिटले, आणि त्यानंतर आवाज आला, "बाबा." शेवटाकडे गेलो. तिथे बाईंनी तोंड बंद करून हातात कंगवा धरला होता आणि आवाज तेव्हा कुठे "फणी" म्हणत होता.

 ती मुलगी दोन दिवस काय पाहत होती ते मला कळलं. तोंड एक शब्द बोलत होतं आणि कानातल्या वायरीतून तिला आधीचाच शब्द ऐकू येत होता. एवढ्या कष्टाने जे दोन धागे तिने जोडले होते, ते मी उसवून दिले होते.

"ताई, कार्ड ठेवून जा. मी नीट करून देतो."

"भाऊबिजंच्या आत?"

"त्याच्या आत."

असं सांगून तर बसलो. ती गेल्यावर शेठ म्हणाले, "शास्त्रज्ञ, मोबाईलचा एवढा एवढा पडदा. त्यात थोडं मागंपुढं चालतंय. दिवाळीची कामं पडलीत."

मी त्यांना कापसाचे दोन बोळे दिले. "कानात घाला आणि बघा."

"हे काय आता?"

"बघा तर."

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्यांनी ऐकलं. कापूस घालून ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. थोडा वेळ पाहिलं, भुवया चढल्या, मग एक बोळा काढून म्हणाले, "आरं, हे तर डोकं फिरवतंय राव." आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी मला एकदाही हटकलं नाही.

पण मला जुळवता येत नव्हतं. आधी मी सगळा आवाज एकदम पुढे ओढला. शेवट जुळला, सुरुवात बिघडली. "नमस्कार" बाईंनी हात जोडायच्या आधीच ऐकू यायला लागला. तेव्हा जुन्नरची प्रयोगशाळा आठवली. सर व्हर्नियर कॅलिपर हातात देऊन म्हणायचे, मोजण्याआधी जबडे मिटव आणि शून्याला शून्य आहे का बघ. नसेल तर तेवढी चूक प्रत्येक मापातून वजा कर. आणि मापाबरोबर चूक वाढत जात असेल तर वजाबाकी करत बसू नकोस, पट्टीच खोटी आहे. आमच्या वर्गात ते सगळ्यांनी वहीत उतरवलं होतं. मला ते त्या दिवशी कळलं. इथे सुरुवातीला चूक नव्हती, शेवटी दीड सेकंदाची होती. म्हणजे पट्टी खोटी. मी आनंदाने उठून उभाच राहिलो. सगळा आवाज थोडा थोडा आवळून चित्राएवढा केला, की झालं.

आवळला. सुरुवात जुळली, शेवट जुळला. मध्ये सगळं पहिल्यापेक्षा वाईट. "भाकर" तोंडाच्या आधी, "पाणी" तोंडाच्या नंतर.

त्या दिवसांत मला कशातच स्वस्थ बसवेना. मंचरहून घोडेगावमार्गे शिनोलीला जाणाऱ्या एसटीत मी कंडक्टरच्या तोंडाकडे एवढं टक लावून पाहिलं, की त्याने विचारलं, "काय पावणं, तोंडाला काय लागलंय का माझ्या?" घरी आई चुलीपुढे पाठमोरी बसून काही विचारायची आणि मी जागचा उठून तिच्या समोर जायचो. "आसा काय आंगावर येतोस?" ती म्हणायची. मला सांगता यायचं नाही, की पाठीमागून ऐकू येणं ही केवढी चैन आहे ते मला नुकतंच समजलंय. टीव्हीवरच्या बातम्यांत ओठ बघायचो. मित्र बोलायला लागला की त्याचे शब्द निसटायचे आणि ओठ तेवढे दिसायचे. जेवताना पायाने जमीन ठोकत राहायचो. वडिलांनी एकदा ताट बाजूला सारलं. "नोकरी गेली काय रं तुजी?"

"नाही."

"मंग नीट जेव की."

त्यात लोडशेडिंग. सकाळी वीज जायची, दुपारी पुन्हा जायची. डीव्हीडीवरून फाईल निघायला जेवढा वेळ लागे, तेवढी सलग वीज मिळेलच असं नव्हतं. यूपीएस कोकलायला लागला की मी पडद्यासमोर हात चोळत बसायचो, फाईल अर्धी राहायची, परत पहिल्यापासून.

अशाच एका अडकलेल्या दुपारी, वीज नव्हती म्हणून, मी ती डीव्हीडी दारात उन्हाकडे धरली. तेव्हा ओरखडे दिसले. आडवेतिडवे नव्हते. रोज दोनदा पदराने गोल गोल पुसून पडलेले, डीव्हीडीच्या गोलाईबरोबर जाणारे बारीक ओरखडे. आडवा ओरखडा मशीन उडी मारून पार करतं. गोल ओरखडा पडला की वाचायची सबंध ओळच पुसली जाते. जिथे जिथे असा ओरखडा होता, तिथे फाईल करताना चित्राचे काही तुकडे गळत होते आणि आवाज मात्र पुरा येत होता. घरच्या मशीनवर त्या जागी चित्र आणि आवाज दोन्ही क्षणभर अडकत, मग बरोबरच पुढे जात. माझ्या फाईलमध्ये प्रत्येक ओरखड्यापाशी चित्र एक पाऊल पुढे निसटत होतं. म्हणजे चूक उतारासारखी एकसारखी वाढत नव्हती. पायऱ्या पायऱ्यांनी वाढत होती. म्हणून एका ओढीत ती जुळणार नव्हती. प्रत्येक पायरी वेगळी शोधायला हवी होती.

पण पायरी शोधायची कशावरून? इथे अक्षता उडत नव्हत्या. मी पुन्हा पुन्हा बाईंचं तोंड पाहिलं आणि मराठी शाळेत पाठ केलेली ओळ जिभेवर आली. प फ ब भ म. हे म्हणताना ओठ मिटावेच लागतात, आणि ओठ मिटलेले डोळ्याला दिसतात. बाईंनी शब्दही बहुतेक तसलेच निवडले होते. पाणी, बाबा, भाकर, फणी, मेंढी. का निवडले असतील ते मला तेव्हा उमगलं. पडद्यावरच्या बाई पुण्यात बसून लोणीच्या मुलीसाठी मेंढी शोधत होत्या. मेंढी म्हणून दाखवलेलं चित्र त्यांनी स्वतः रंगवलेलं होतं.

मग काम मार्गी लागलं. ओठ उघडायचा क्षण पकडायचा, आवाजातला "प" किंवा "ब" जिथे फुटतो ती जागा पकडायची, आणि मधली शांतता तेवढी कापायची. दोन शब्दांमध्ये बाई थांबत होत्या, म्हणून शब्दाला धक्का न लावता शांतता कापता येत होती. एक शब्द झाला की पुढचा. वीज असेल तेवढा वेळ. सकाळी शेठ शटर उघडायच्या आधी मी पायरीवर असायचो.

भाऊबीज आली. बहीण सासरहून आली, तिने ओवाळलं, मी ताटात ओवाळणी टाकली आणि दुपारच्या गाडीने मंचरला निघालो. "आज बी?" आई म्हणाली. पोचलो तर वीज नव्हती, आणि ती आली तेव्हा शेवटची घरी जाणारी गाडी धरायची वेळ झाली होती. काम संपायला अजून एक सकाळ लागणार होती. दुसऱ्या दिवशी मी कार्डावर फाईल टाकली तेव्हा उन्हं चढली होती. मुलीच्या आईने दिलेल्या नंबरवर फोन लावला. तिच्या नवऱ्याने उचलला. मागे मेंढरांचा गलका.

"आमी तर काल ओवाळून झालं की निघालो, भाऊ. तुमची लई वाट बघितली."

"आता कुठे आहात?"

"उद्या आळ्यात आसू. तिथं दर साली एका शेतकऱ्याच्या रानात चार दिवस बसतो."

मी शेठकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "उद्या दुकानात येऊ नको. आणि माझी गाडी ने, एसटीनं कुठं हुडकशील?"

आळ्याच्या शिवारात बाजरी निघून गेलेलं मोकळं रान होतं. वाघरीच्या जाळीत मेंढरं, बाहेर एक घोडं, त्याच्या पाठीवरून उतरवलेला संसार जमिनीवर मांडलेला. रानाचा मालक बांधावर उभा राहून मेंढरं कुठवर सरकवायची ते सांगत होता, कारण ती जिथे बसतील तेवढ्या जमिनीला खत मिळणार. मुलीची आई तीन दगडांच्या चुलीपाशी होती. मला पाहून आधी ओळखलंच नाही, मग उठली.

"आवं, तुमी हितवर आला?"

मी कार्ड तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये घातलं. मुलगी एका कोकराला धरून उभी होती. मी तिला मागून हाक मारली. ती वळली नाही. आई म्हणाली, "म्होरं जाऊन बोला, भाऊ." मी पुढे जाऊन उकिडवा बसलो आणि सावकाश म्हणालो, "बघतेस?" तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि आईकडे सरकली. तो फोन तिने एकदा फेकलेला होता.

आईने फोन तिच्यासमोर धरला. धून वाजली. बाईंनी नमस्कार केला. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, मुलीकडे पाहत होतो. पाणी. ती पाहत राहिली. बाबा. मागच्या वेळी इथेच तिने ढकललं होतं, असं आई म्हणाली. तिने ढकललं नाही. भाकर. तिचे स्वतःचे ओठ मिटले. आवाज काही निघाला नाही, पण ओठ बाईंबरोबर मिटले आणि बाईंबरोबर उघडले. तिचा बाप काठी टेकून वाकला होता. "मेंढी"ला तिने हात लांब करून जाळीकडे दाखवलं, आणि तो एवढ्या मोठ्याने हसला की घोड्याने कान टवकारले.

"आरं, तुज्या आयला, वळखली की!"

मग "मीठ" आलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. मी झटकन पडद्याकडे वाकलो. एक पायरी राहिली होती. मी ती मोजलीच नव्हती. बाईंचे ओठ उघडून गेले होते आणि आवाज मागून येत होता. मुलीने फोनकडे पाहिलं, मग थेट माझ्याकडे. तिला कसं कळलं की चूक माझी आहे, मला माहीत नाही. मला मान खाली घालावीशी वाटली. पण तिने फोन ढकलला नाही. पुढच्या शब्दाची वाट पाहत बसली, आणि पुढचा शब्द जुळत होता.

"ताई, एक शब्द राहिला," मी म्हणालो. "कार्ड द्या, मी परत नेतो. परवा आणून देतो. तुम्ही चार दिवस आहात ना इथे?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने फोन मुलीच्या हातात दिला आणि कार्ड काढू दिलं नाही.

"कुटला शब्द?"

"मीठ."

"एकच ना?"

"एकच. पण चुकीचा शिकेल ती."

"कशापायी चुकीचं शिकंल? त्यो आला की मी फोन खाली करीन." ती चुलीपाशी गेली, डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन आली आणि मुलीच्या समोर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "एवढ्या एका शब्दाला माजं तोंड हाय की."

तिने मीठ मुलीच्या तळहातावर ठेवलं. हनुवटीला बोट लावून मुलीचा चेहरा आपल्याकडे वळवला. ओठ मिटले, धरून ठेवले, पडद्यावरच्या बाई धरायच्या तसेच, आणि मग बोलली. मुलीने मीठ चाटून तोंड वाकडं केलं. आई पुन्हा बोलली. बाप मेंढरांकडे गेला, मालकाने त्याला हाका मारायला सुरुवात केली होती. तिसऱ्यांदा मुलीने ओठ मिटले आणि काही तरी म्हटलं. ते मीठ नव्हतं. पण सुरुवात ओठांपासून झाली होती, आणि आईने मान हलवली. मग तिने मुलीच्या तळहातावर आणखी थोडं मीठ ठेवलं आणि पुन्हा ओठ मिटले.